मांजरीचे टाके : शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचे शब्द आणि त्यांतील धोके

माणसाच्या व जनावराच्या देहव्यापारांमध्ये मराठी भाषेने एक सीमारेषा फार पूर्वी आखून ठेवलेली आहे. माणूस जेवतो, जनावर खाते. स्त्री गरोदर राहते, गाय गाभण राहते. स्त्री बाळंत होते, गाय विते, मांजरही विते. स्त्रीला मूल होते, मांजरीस पिल्ले होतात. गाय माजावर येते. परंतु हाच 'माज' शब्द माणसास लावला की त्याचा अर्थ उन्मत्तपणा असा होतो आणि मूळ देहव्यापार शब्दातून नाहीसा होतो. ही जोडशब्दांची व्यवस्था केवळ शिष्टाचारासाठी आहे असे मानणे बरोबर नाही. पुढे येणारी माहिती कोणत्या प्रकारच्या देहाविषयी आहे, हे ती ऐकणाऱ्यास आरंभीच सांगून ठेवते.

शस्त्रक्रियेच्या प्रांतात मात्र ही व्यवस्था लागू पडत नाही. भूल, टाके, पट्टी, सूज, गोळी, पथ्य, ऑपरेशन हे शब्द माणसास जे, तेच मांजरास. त्यांना जनावरांच्या बाजूचा जोडीदार नाही, कारण ही क्रियाच घरगुती जनावरांच्या जीवनात अलीकडे आलेली आहे. शब्द एक झाला म्हणजे त्याबरोबरच्या समजुती व सवयीही एक होतात. घरातील स्त्रीच्या ऑपरेशननंतर जे केले जाते, तेच मांजरीच्या ऑपरेशननंतर करावयाचे असा ग्रह ऐकणाऱ्याचा होतो. ह्या सवयींतील काही मांजरीस उपकारक आहेत, बऱ्याच निरुपद्रवी आहेत, आणि एक-दोन प्राणघातक आहेत. अंडाशय व गर्भाशय काढल्यानंतर मांजरीची घरी शुश्रूषा कशी करावी, आणि त्या शुश्रूषेच्या सूचना देणारे शब्द कोठे दगा देतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी अकोट व त्याचा परिसर समोर ठेवला आहे.

अकोट हे अकोला जिल्ह्यातील, सातपुड्याच्या पायथ्याजवळचे तालुक्याचे गाव. उत्तरेस नरनाळ्याचा किल्ला व मेळघाटचे अरण्य, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन. कापसाची मोठी बाजारपेठ आणि सुती सतरंज्या ह्यांसाठी हे गाव पूर्वीपासून ओळखले जाते. कापसाच्या शेतीचा भार बैलावर असल्यामुळे जनावरांच्या औषधपाण्याची येथील शब्दसंपत्तीही बैलाभोवतीच वाढलेली आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यास बोलीत 'ढोराचा दवाखाना' म्हणतात आणि तेथील वैद्यास 'ढोराचा डॉक्टर'. ढोर म्हणजे गाय, बैल, म्हैस. त्या शब्दात मांजरास जागा नाही. म्हणून मांजर घेऊन ढोराच्या दवाखान्यात जाणे हीच गोष्ट ऐकणाऱ्यास किंचित विनोदी वाटते. वस्तुतः अकोल्यास, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, पशुवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आहे. २००० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत ती येते. शस्त्रक्रिया तेथे झाली काय किंवा गावातच झाली काय, पुढचे दहा-चौदा दिवस मांजर घरीच असते. वैद्याची सूचना दोन-चार मिनिटांची आणि बहुधा प्रमाण मराठीत. ती ऐकणारा घरातील एखादा तरुण. आणि ती अमलात आणणारी त्याची आई किंवा आजी. ह्या प्रवासात सूचनेचा आशय टिकवून धरण्याचे काम शब्दांवरच पडते.

पहिला प्रश्न शस्त्रक्रियेच्या नावाचा. बैलाच्या बाबतीत मराठीत ह्या अर्थाची क्रियापदे भरपूर आहेत : ठेचणे, बडवणे, खच्ची करणे. त्यांपैकी 'खच्ची' हा शब्द अरबी-फारसीतून आलेला आहे, आणि 'खच्चीकरण' ह्या त्याच्या वाढीव रूपाने आता वृत्तपत्रांत मनोधैर्य नष्ट करणे असा लाक्षणिक अर्थ इतका पक्का केला आहे की मूळ अर्थाने तो वापरणे कठीण झाले आहे. ही सर्व क्रियापदे नराची आहेत. मादीचे पोट उघडून अंडाशय काढणे हा व्यवहार गोठ्यात कधीच नव्हता. साहजिकच त्याला गावचे क्रियापद नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जे शब्द पुढे आले त्यांत 'वंध्यीकरण' हा संस्कृतोद्भव शब्द आहे. परंतु त्याच्या पाठीमागे 'वांझ' ह्या शब्दाची सामाजिक निंदा उभी असते, आणि घरातील स्त्रियांसमोर तो उच्चारण्यास लोक कचरतात. 'निर्बीजीकरण' हा शब्द नगरपालिकांनी भटक्या कुत्र्यांच्या संदर्भात रूढ केला. अर्थदृष्ट्या तो त्यांतल्या त्यात बरा, कारण बीज जेथे तयार होते तो अवयवच काढला जातो हे त्यातून सूचित होते. बोलण्यात मात्र 'नसबंदी' किंवा नुसते 'ऑपरेशन' हेच ऐकू येते.

येथे पहिला गोंधळ होतो. 'नसबंदी' हा शब्द पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा; १९७५ ते १९७७ ह्या आणीबाणीच्या काळात तो घरोघर पोहोचला. 'तिचे ऑपरेशन झाले' असे दोन-तीन मुलांच्या आईविषयी म्हटले म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली असे मराठी घरात न सांगता समजते. ह्या दोन्ही शस्त्रक्रियांत एक नलिका बांधली किंवा छेदली जाते. बीज निर्माण करणारी ग्रंथी जागेवरच राहते, आणि स्त्रीची मासिक पाळी पूर्ववत् चालू राहते. मांजरीची शस्त्रक्रिया ह्याहून सर्वस्वी निराळी आहे. तीत पोटाची भित्तिका उघडून दोन्ही अंडाशये आणि बहुधा त्यांबरोबर गर्भाशयही काढून टाकतात, अंडाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बांधतात आणि स्नायू व त्वचा थराथराने शिवतात. माणसाच्या भाषेत सांगावयाचे तर ही नसबंदी नसून गर्भाशय काढण्याचे मोठे ऑपरेशन आहे. अकोटमधील एखाद्या गृहिणीस 'मांजरीची नसबंदी केली' असे सांगितले तर ती दुसऱ्या दिवशी मांजरीस माळ्यावर उडी मारू देईल. 'मांजरीची पिशवी काढली' असे सांगितले तर देणार नाही. गर्भाशयासाठी 'पिशवी' हा शब्द मराठी घरांत सर्वत्र समजतो, आणि पिशवी काढलेल्या बाईने काय करू नये हे प्रत्येक घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस ठाऊक असते. परिभाषेच्या दृष्टीने 'पिशवी काढणे' अपुरे आहे, कारण अंडाशयांचा त्यात उल्लेख नाही. परंतु शुश्रूषेच्या दृष्टीने ते 'नसबंदी'पेक्षा फार अधिक खरे आहे.

शस्त्रक्रियेच्या जागेविषयीही एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. छेद पोटाच्या मध्यरेषेवर घेतात किंवा एका बाजूस, बरगड्या आणि मांडी ह्यांच्या मधल्या भागावर. ह्या भागास मराठी शब्द 'कूस'. 'कुशीवर वळणे' ह्यात तो शरीराच्या बाजूचा वाचक आहे; 'कूस उजवणे' ह्यात तोच गर्भाशयाचा वाचक होतो. 'टाके कुशीत आहेत' असे सांगितल्यास ते बाहेर, बाजूला आहेत की आत, हा संशय राहतो. बोटाने जागा दाखवणे हाच येथे उपाय.

आता पहिल्या रात्रीचा विचार करू. मांजर घरी येते तेव्हा भूल पुरती उतरलेली असतेच असे नाही. आपल्याकडे मांजरांच्या भुलीसाठी केटामिन व त्याच्या जोडीला झायलाझिन ही औषधे पुष्कळ ठिकाणी वापरतात. केटामिनच्या अमलाखाली मांजरीचे डोळे मिटत नाहीत. बाहुल्या मोठ्या होतात, नजर एका जागी खिळते, आणि जाग येताना डोके एका बाजूकडून दुसरीकडे डुलत राहते. माणसाच्या बाबतीत 'डोळे उघडले' म्हणजे शुद्ध आली; येथे डोळे उघडे असणे हे शुद्धीचे चिन्हच नव्हे. 'भूल', 'गुंगी' आणि 'शुद्ध' ह्या तीन शब्दांत बोलणारे फारसा भेद करीत नाहीत, पण मांजरीच्या बाबतीत तो करणे अवश्य आहे. मांजर मान सावरून बसते, हाक मारल्यावर कान वळवते आणि न अडखळता चार पावले चालते, तेव्हा भूल उतरली असे समजावे. त्यानंतरही गुंगी काही तास, क्वचित दुसऱ्या दिवसापर्यंत राहते.

तोपर्यंत तिच्या तोंडात पाणी घालू नये. मोठ्या दुखण्यातून उठलेल्याच्या तोंडात घोटभर पाणी घालणे ही आपल्याकडे मायेची खूण आहे, आणि नेमकी हीच माया येथे घातक ठरते : गिळण्याची प्रतिक्रिया परतलेली नसल्यास पाणी श्वासनलिकेत जाते. पाण्याची उथळ वाटी जवळ ठेवावी. मांजर आपण होऊन प्याली तर तेवढे पुरे. तिला खाटेवर, कोनाड्यात किंवा माळ्यावर ठेवू नये, जमिनीवरच ठेवावे. अंथरूण म्हणून जुन्या मऊ लुगड्याची स्वच्छ घडी उत्तम. कापसाचे पेळू किंवा सुटा कापूस जखमेला चिकटतो, तेव्हा कापसाच्या गावी कापूस विपुल असला तरी तो वापरू नये. अकोटची जाड सतरंजी खाली असण्यास हरकत नाही, मात्र तिच्या विणीत नखे अडकून मांजर झटके देत असेल तर वर कापड पसरावे.

उष्णतेविषयी वऱ्हाडात दोन परस्परविरुद्ध चुका संभवतात. थंडीच्या दिवसांत शेक देण्याची इच्छा होते. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवण्याची रीत जुनी आहे, आणि पोटाचे ऑपरेशन झालेली मांजर ही मनात बाळंतिणीच्या जवळपासच बसते. भुलीमुळे शरीराचे तापमान उतरते हे खरे, आणि ऊब द्यावयास हवी हेही खरे. परंतु भुलीतील मांजर तापलेल्या वस्तूपासून दूर सरकू शकत नाही आणि तिची त्वचा भाजते. शेगडीचा बंद खोलीतील धूर हा आणखी निराळा धोका. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून, मांजरीस तीपासून बाजूला होता येईल अशा बेताने ठेवणे पुरेसे असते. उन्हाळ्यात, अकोला जिल्ह्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो तेव्हा, टिनाच्या छपराखाली मांजर ठेवणे धोक्याचे. पण तिला थेट कूलरसमोर ठेवणेही बरोबर नाही. भूल उतरेपर्यंत ओल्या वाऱ्याचा सरळ झोत मे महिन्यातही तिला गारठवू शकतो. सावलीची, खेळत्या हवेची आणि कुत्रे व मुले ह्यांची ये-जा नसलेली खोली हवी.

अन्नाच्या बाबतीत 'हलके अन्न' हा शब्दप्रयोग सर्वांत अधिक फसवा आहे. मराठी घरात आजाऱ्याचे हलके अन्न म्हणजे मऊ भात, मुगाचे वरण, दूध-पोळी. मांजर हा स्वभावतः मांसाहारी प्राणी आहे. धान्य व डाळ हे तिचे हलके अन्न नव्हे, अपुरे अन्न आहे. प्रौढ मांजरांपैकी पुष्कळांना दुधातील शर्करा पचत नाही आणि त्यांना दुधाने हगवण लागते. ती पोटाला टाके असताना विशेष त्रासाची. तेव्हा 'हलके' असे न म्हणता 'नेहमीचेच, पण पाव हिश्श्याइतके' असे म्हणावे. भूल पुरती उतरल्यावर त्याच संध्याकाळी नेहमीच्या अन्नाचा चौथा हिस्सा द्यावा, ओकारी न झाल्यास थोड्या वेळाने पुन्हा तेवढाच. लहान पिल्लांस फार वेळ उपाशी ठेवणे योग्य नसते. नेहमीचे नको असल्यास उकडलेल्या कोंबडीचे तुकडे द्यावेत, पण ते कालवणातून काढून धुतलेले नसावेत. कांदा व लसूण मांजरीच्या तांबड्या रक्तपेशींस अपायकारक आहेत, आणि वऱ्हाडी रश्श्यात त्यांची उणीव कधीच नसते. दुसऱ्या दिवशीही, म्हणजे चोवीस तासांनंतरही, मांजर काहीच खात नसेल तर 'उपास करते आहे, पोट बरे होते आहे' अशी समजूत करून घेऊ नये. माणसाचा उपास पुण्यकारक असेल. मांजरीचा, विशेषतः लठ्ठ मांजरीचा, दीर्घ उपास यकृतात मेद साठवून तिला आजारी पाडतो.

'टाके' हा शब्द शिवणकामातून आला आणि त्याबरोबर शिवणकामाची दृश्यता घेऊन आला. दिसतो तो टाका, न दिसतो तो नाही. हल्ली पुष्कळदा त्वचेखालून विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवतात आणि बाहेर केवळ एक बारीक रेघ दिसते. ती पाहून 'टाके पडलेच नाहीत' असे अनुमान काढले जाते आणि मांजरीस मोकळे सोडले जाते. बाहेर टाके असोत वा नसोत, पोटाच्या भित्तिकेचे टाके आत असतातच. उडीचा ताण त्यांवर येतो. बाहेरचे टाके साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी काढतात. तितके दिवस उंच जागा, जिना आणि इतर मांजरांशी दंगामस्ती बंद. अंघोळ नाही. मलमूत्रासाठी काळी माती किंवा राख नेहमी वापरली जात असल्यास ह्या दिवसांत तिच्याऐवजी फाडलेले वर्तमानपत्र ठेवावे. पावसाळ्यात काळी माती जखमेवर लेपासारखी बसते, आणि राखेचे बारीक कण टाक्यांत शिरतात.

जखम रोज दोनदा, चांगल्या उजेडात पाहावी. पहिले दोन-तीन दिवस कडा गुलाबी आणि किंचित फुगलेल्या असणे स्वाभाविक आहे. त्वचेखाली लांबट, टणक गाठ हाताला लागते. ती आतल्या दोऱ्याभोवतीची असते आणि काही आठवड्यांत विरते. परंतु लाली दिवसेंदिवस वाढणे, दुर्गंधी येणे, कडा उघडणे, दाबल्यावर आत जाणारा मऊ फुगवटा दिसणे, ही त्याच दिवशी दवाखान्यात जाण्याची लक्षणे होत. जखमेतून येणाऱ्या द्रवासाठी मराठीत रक्त, लस व पू असे तीन चांगले शब्द आहेत, आणि वैद्यास ह्यांतला नेमका कोणता ते कळणे फार उपयोगी असते. दुर्दैवाने 'लस' हा शब्द आता रोगप्रतिबंधक टोचणीने व्यापला आहे. 'लस आली' हे वाक्य तरुण पिढीस दवाखान्यात टोचणीचा पुरवठा झाला असे वाटते. तरीही आजीच्या तोंडी तो जुन्या अर्थाने जिवंत आहे, आणि जखमेची बातमी तिच्याकडूनच घेणे बरे.

जखमेवर लावण्याच्या औषधांत ओढ दोन्ही बाजूंनी असते : एका बाजूने माणसाचे घरगुती उपाय, दुसऱ्या बाजूने गोठ्यातले. हळदीने जखम पिवळी होते आणि पाहावयाची ती लालीच झाकली जाते. डेटॉलसारख्या जंतुनाशकांतील फेनॉलवर्गीय द्रव्ये मांजरीचे यकृत नीट निकामी करू शकत नाही. ढोराच्या जखमेत किडे पडल्यावर टर्पेंटाइन घालण्याची पद्धत आहे. ते मांजरीच्या बाबतीत मनातही आणू नये. वैद्याने सांगितले नसेल ते काहीही लावू नये, कारण मांजरीच्या अंगावर लावलेली प्रत्येक वस्तू अखेरीस तिच्या पोटात जाते.

हे शेवटचे विधान तिच्या नावातच आहे. 'मांजर' हा शब्द संस्कृत 'मार्जार' ह्यापासून, आणि 'मार्जार' हा 'मृज्' म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे ह्या धातूपासून. सतत स्वतःस पुसून घेणारा तो मार्जार. प्राचीनांनी ज्या सवयीवरून हे नाव दिले, तीच सवय टाक्यांची वैरीण आहे. जनावर आपली जखम चाटून बरी करते ही समजूत सर्वत्र आढळते. मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले कठीण काटे असतात, ते केसांच्या विंचरणीस उत्कृष्ट असले तरी शिवलेल्या जखमेवर किसणीचे काम करतात. शिवाय तोंडातील जंतू जखमेत जातात. ह्यासाठी मांजरीच्या गळ्यात नरसाळ्याच्या आकाराचा पट्टा बांधतात. त्यास मराठीत स्थिर नाव नाही. 'तोंडाला काहीतरी बांधा' अशी मोघम सूचना शेतकऱ्याच्या घरी दिली तर त्याच्या डोळ्यांसमोर बैलाचे मुसके येते. मुसके तोंड बंद करते, नरसाळे तोंड मोकळे ठेवून मान वळवणे अडवते. दोहोंची करणी उलट आहे. 'गळ्यातले नरसाळे' असे म्हटल्यास आकार, जागा व हेतू तिन्ही एकदम कळतात. नरसाळ्यात मांजर पहिला दिवस मागे मागे सरकते व रुसते. ते पाहून काढून टाकू नये. ते घालून खाता येत नसेल तर खाण्यापुरते, समोर बसून काढावे.

ह्या सर्वांहून गंभीर प्रकरण 'ताप' आणि 'दुखणे' ह्या दोन शब्दांचे आहे. शस्त्रक्रियेनंतर मांजरीच्या अंगास हात लावणाऱ्यास ते कढत लागते. माणसाच्या शरीराचे तापमान सदतीस अंश सेल्सियसच्या आसपास, तर निरोगी मांजरीचे अडतीस ते एकोणचाळीस अंशांच्या घरात असते. त्यामुळे माणसाच्या हातास मांजर नेहमीच तापलेली वाटते. एरवी ह्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण ऑपरेशन झालेले असले की हाताची ही संवेदना 'ताप' ह्या शब्दात पडते, आणि 'ताप' म्हटले की त्याच्या पाठोपाठ 'तापाची गोळी' येते. मराठीत ह्या गोळीचे नाव तिच्या रसायनावरून नाही, उपयोगावरून आहे : तापाची गोळी, अंगदुखीची गोळी, डोकेदुखीची गोळी. ती बहुधा पॅरासिटामॉल असते. ज्याला ताप त्याला तापाची गोळी, हे शब्दाचेच तर्कशास्त्र. त्यात मांजरीस अपवाद करणारे काही नाही. लहान मुलास अर्धी देतात, मग मांजरीस पाव, इतकी सावधगिरीही घेतली जाते.

ही पाव गोळीदेखील मांजरीचा जीव घेऊ शकते. माणसाचे यकृत पॅरासिटामॉल ज्या मार्गाने मुख्यतः निरुपद्रवी करते, त्यासाठी लागणारे विकर मांजरीत जवळजवळ नसते. तेव्हा औषध दुसऱ्या मार्गाने वळते व विषारी द्रव्य बनते. त्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्यास असमर्थ होते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड व पंजे सुजतात, धाप लागते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी तीन किलोच्या मांजरीस दिली तर किलोमागे दीडशेहून अधिक मिलिग्रॅम होतात. किलोमागे पन्नासच्या आतील मात्रेनेही विषबाधा झाल्याचे नमूद आहे. अॅसिटिलसिस्टिन हा उतारा आहे, पण तो वेळेवर पोहोचला तर. पाव गोळी दिली गेली असेल तर 'काय होते ते पाहू' असे न म्हणता, गोळीचे वेष्टन हातात घेऊन त्याच क्षणी पशुवैद्याकडे निघावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक व अॅस्पिरिन ह्या माणसांच्या गोळ्यांचीही गोष्ट फारशी निराळी नाही.

ह्यावरून मांजरीस वेदनाशामक देऊच नये असा अर्थ काढणे ही उलट चूक होईल. पोट उघडल्यावर तिला वेदना होतात. ती त्या लपवते : कोपऱ्यात पाठ वाकवून बसते, डोळे अर्धवट मिटते, अंग पुसणे सोडते. मराठीत 'कण्हणे', 'विव्हळणे' हे वेदनेचे शब्द आवाजाचे आहेत. मुकाट बसलेल्या मांजरीस ते लावता येत नाहीत, म्हणून 'ती शांत आहे' असे म्हटले जाते. पशुवैद्य तिला योग्य वेदनाशामक देतो. घोटाळा असा की ते औषध कधी कधी माणसांच्या दुकानातही त्याच नावाने मिळते. मेलॉक्सिकॅम हे असे एक. मांजरीस शस्त्रक्रियेनंतर तोंडाने द्यावयाची त्याची मात्रा किलोमागे अवघी ०.०५ मिलिग्रॅम इतकी अल्प सांगितली जाते. माणसाची लहानात लहान नेहमीची गोळी साडेसात मिलिग्रॅमची, म्हणजे तीन किलोच्या मांजरीच्या दिवसाच्या मात्रेच्या पन्नासपट. आणि जादा मात्रेने मूत्रपिंडे निकामी होतात. येथे नाव एक असूनही वस्तू एक नव्हे. म्हणून वैद्याने 'दुखण्याचे औषध देत राहा' असे सांगू नये. कोणती बाटली, किती थेंब, किती दिवस, आणि 'घरातली कोणतीही गोळी नाही' हे चौथे वाक्य अवश्य जोडावे. वऱ्हाडीतच सांगितल्यास अधिक बरे : 'मांजरीले घरातलं कोनतंच औषध देऊ नका.' ज्या घरी डोळ्यास डोया आणि काळ्यास काया म्हणतात, तेथे 'वेदनाशामक' हा शब्द आदराने ऐकला जातो आणि दाराबाहेर पडताच 'दुखण्याची गोळी' ह्या ओळखीच्या शब्दात रूपांतरित होतो. वर दिलेली मात्रा, हे सांगणे अवश्य आहे, घरी हिशेब करण्यासाठी दिलेली नाही.

'विश्रांती द्या', 'काळजी घ्या', 'स्वच्छता ठेवा' ह्या सूचना व्याकरणशुद्ध आहेत आणि बहुतांशी निरुपयोगी आहेत. त्या नामांच्या भाषेत आहेत. घरच्या माणसास क्रियापद हवे. 'विश्रांती' ऐवजी 'दहा दिवस वर चढू देऊ नये', 'स्वच्छता' ऐवजी 'सकाळ-संध्याकाळ अंथरुणाचे कापड बदलावे', असे म्हटले की करणाऱ्याच्या हाती काही लागते. तसेच 'काही वाटल्यास आणा' ह्यातील 'काही' कोणते, हे सांगणे जरूर आहे. हिरड्या पांढऱ्याफटक पडणे हे पोटात रक्तस्राव होत असल्याचे चिन्ह असू शकते, आणि पहिल्या रात्री ओठ वर करून हिरडीचा रंग एकदोनदा पाहण्यास कोणत्याही परिभाषेची गरज नाही. पहिल्या चोवीस तासांत लघवी न होणे हेही कळवावे; शौचास दोन दिवस न झाल्यास मात्र घाबरू नये, कारण पोट रिकामेच होते.

घरात दुसरी मांजर असल्यास ती आलेल्या मांजरीवर फिस्कारते. तिला दवाखान्याचा वास परका वाटतो. ह्याचा दोष कोणास न देता दोघींस एक-दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवावे.

टाके निघाल्यानंतर दोन गोष्टी उरतात. अंडाशये गेल्यामुळे मांजरीची अन्नाची गरज सुमारे चतुर्थांशाने घटते, भूक मात्र वाढते. आजारातून उठली म्हणून तिला अधिक खाऊ घालण्याची रीत येथे आवरावी लागते, नाहीतर सहा महिन्यांत ती जाडजूड होते. दुसरी गोष्ट माजाची. नसबंदीच्या कल्पनेने चालणाऱ्यास, पिल्ले होत नाहीत पण माज येतो, हे स्वाभाविक वाटेल, कारण स्त्रीच्या बाबतीत ऑपरेशननंतर पाळी थांबत नाही. मांजरीच्या बाबतीत ते स्वाभाविक नाही. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी ती पुन्हा जमिनीवर लोळून ओरडू लागली, शेपटी बाजूला करून पाठ दाबू देऊ लागली, तर अंडाशयाचा एखादा अंश आत राहिला असण्याचा संभव असतो. 'जुनी सवय आहे' असे म्हणून तो विषय सोडून न देता, शस्त्रक्रियेच्या तारखेचा कागद घेऊन, आणि शक्यतो तो माज चालू असतानाच, मांजरीस त्याच वैद्याकडे न्यावे. त्या दिवसांत तपासणीतून निदान करणे सोपे जाते.